जर्मनची परात

त्या रविवारी दुपारी रंजिता ओल्या तुरीच्या शेंगा सोलत बसली होती आणि समोर तिचे वडील, रूपसिंग राठोड, पातळ कागदावर कोळशाची पूड घासत होते. कागदाखाली त्यांनी रुपयाचं नाणं ठेवलं होतं. हळूहळू नाण्याचा ठसा कागदावर उमटला तसे ते खूष झाले.

“बघ. आकडा असला तर असाच वर येईल.”

“आणि नसला तर?”

“नसला तर नसला. परात तर आहे ना.”

“हात धुवा आधी. सगळे दाणे काळे होतील.”

ते उठले नाहीत. मागच्या हायवेवरून हैदराबादकडे जाणारा एक ट्रक खिडकीच्या काचा थरथरवत गेला. पांढरकवड्याच्या या घरात वाक्य अर्धं सोडून ट्रक जायची वाट बघायची सवय दोघांनाही होती. ट्रक गेल्यावर ते म्हणाले, “उद्या तांड्यावर जाईन म्हणतो. याडी या खेपेला परात पालथी घालू देणार आहे.”

“तसं त्या म्हणाल्या, की तुम्हाला तसं ऐकू आलं?”

“म्हणाली. तिच्या पद्धतीनं.”

रंजितानं विषय तिथंच सोडला. सकाळी बाजारात झालेला प्रकार तिच्या मनातून गेला नव्हता. वांगी घेताना भाजीवाली म्हणाली होती, “जर्मन गुरुजीची पोरगी ना वं तुमी?” आणि रंजितानं कोरडेपणानं सांगितलं होतं, “राठोड सरांची.” वडील मागेच उभे होते. त्यांनी ऐकलं आणि भाजीवालीला सलाम ठोकून म्हणाले, “दोन्ही एकच, बाई. अर्धा किलो दे.” त्यांना त्या नावाचं काही वाटत नसे. तिला वाटे. हे नाव पडल्यापासून ती अमरावतीहून कमी वेळा येऊ लागली होती, आणि कॉलेजच्या ग्रंथालयातल्या कामाचं कारण दर खेपेला तयार असे.

हे नाव पडलं त्याची गोष्ट अशी.

रूपसिंगांचा जन्म झरी जामणीच्या डोंगरातल्या एका तांड्यावरचा. त्यांचे पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडले होते. नंतर सगळे तिथंच शेती करून राहिले. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी एका धुवाधार पावसात तांड्याच्या वरच्या जंगलात एक विमान पडलं. माणसं होती ती गेली, त्यांना गोरे येऊन घेऊन गेले. सांगाडा मात्र नेला नाही. तो तांड्यानं तुकड्यातुकड्यांनी खाली आणला. ओझं डोंगरातून कसं उतरवायचं हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. बहुतेक पत्रा वितळून त्याची भांडी झाली. पंखाचा एक मोठा तुकडा तेवढा ठोकून गोल केला आणि त्याची परात केली. लग्न असो की तेरवी, तांड्याचा भात तेव्हापासून त्या परातीत ओतला जातो.

पांढरकवड्याच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवून रूपसिंग निवृत्तीला आले तेव्हा त्यांच्या वाचनात एका इंग्रजी नौदल विमानाची माहिती आली. नाव बॅराकुडा. जहाजावरून उडणारं, पंख घडी करून जहाजाच्या पोटात ठेवता येणारं. युद्धात अडीच हजारांवर बांधली गेली आणि आज जगात त्यातलं एकही अख्खं उरलेलं नाही. विलायतेत काही माणसं दलदलीतून आणि समुद्राच्या तळातून तुकडे गोळा करून एक तरी पुरं जुळवायच्या मागे लागली होती. ते वाचता वाचता रूपसिंगांना लहानपणी ऐकलेलं आठवलं, की त्या पडलेल्या विमानाच्या पंखांना दाराला असतात तशा बिजागऱ्या होत्या.

“जगात एकही नाही, रंजू,” ते त्या रात्री फोनवर म्हणाले होते, “आणि आपल्याकडे त्याच्यात भात वाढतात.”

त्यांनी पत्रं लिहिली. आठ वर्षांपूर्वी पुण्याहून एक निवृत्त अधिकारी, जुन्या विमानांचे अभ्यासक, तांड्यावर आले. तांड्यातली सगळ्यांत वडीलधारी बाई बिजलीबाई, रूपसिंगांच्या थोरल्या भावाची बायको. तिला सगळा तांडा याडी म्हणतो, याडी म्हणजे आई. पाहुण्यानं विचारलं, विमान कसलं होतं? याडी म्हणाली, “जर्मनचं होतं.” पाहुण्यानं दचकून रूपसिंगांकडे पाहिलं. “जर्मनचं?” आणि रूपसिंग ठामपणे म्हणाले, “हो, जर्मनचंच.”

आपल्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात. जर्मनचा डबा, जर्मनचं पातेलं. याडीनं धातू सांगितला होता. युद्धाचा इतिहास वर्षानुवर्षं शिकवलेल्या माणसालाही तो शब्द ऐकताना फक्त पातेलंच दिसलं, कारण आईच्या घरात तो शब्द त्यानं तसाच ऐकला होता. विमानाच्या पत्र्यावर कारखान्याचा आकडा ठोकलेला असतो, तो शोधायला पाहुण्यांनी परात पालथी करून बघायला मागितली. याडी नाही म्हणाली. जेवणाची परात उगाच कोणी पालथी घालत नाही, ते अशुभ. पाहुणे निघून गेले आणि पुढच्या एका रविवारच्या पुरवणीत त्यांचा मजेदार लेख आला. यवतमाळच्या जंगलात म्हणे जर्मन विमान पडलं. हिटलरला बहुधा इथला कापूस हवा होता. रूपसिंगांनी खुलासा पाठवला. तो छापला नाही. पण लेख सगळीकडे फिरला. मुकुटबनच्या बाजारात त्या वस्तीला जर्मन तांडा म्हणू लागले आणि पांढरकवड्यात रूपसिंगांचे झाले जर्मन गुरुजी. तांड्यानं त्यांना लग्नाला, तेरवीला बोलावणं बंद केलं.

तर त्या रविवारी, चहा झाल्यावर, कागदाची सुरळी दोऱ्यानं बांधता बांधता वडिलांनी विचारलं, “येतेस का उद्या?”

रंजिता शेंगा सोलत राहिली. एक शेंग, दुसरी शेंग. नाही म्हटलं असतं तर त्यांनी वाद घातला असता, आणि वाद घालण्याइतकंही तिला त्या परातीत शिरायचं नव्हतं.

“बरं, बरं,” थोड्या वेळानं तेच म्हणाले. “दाणे घेऊन जा सोबत. आमटी कर.”

संध्याकाळच्या गाडीनं ती अमरावतीला गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रंथालयात फोन आला तो तांड्यावरच्या चुलतभावाचा, बादलचा. “ताई, तुमच्या बाबाले दवाखान्यात आणलं. या.” आवाज असा होता की पुढचं काही विचारायची गरज पडली नाही. तांड्याखालच्या उतारावर, स्कूटरपाशी, ते बसले होते ते बसलेच.

अंत्यविधीला तांड्यावरची माणसं आली. लांब उभी राहिली आणि घोटभर पाणीही न घेता परत गेली.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी रंजिता तांड्यावर गेली. वडिलांची पिशवी तिनं तशीच खांद्याला लावली होती. आत कागदाची सुरळी होती, कोरी. तिला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. त्यांनी ती परात पालथी करून पाहिली होती का? पाहिली असेल आणि कागद वापरायच्या आधीच काही झालं असेल, तर निदान पाहिलं तरी. तिचा सगळा जीव त्या एवढ्याशा प्रश्नावर येऊन अडकला होता.

तांड्याच्या तोंडाशीच बादल टेम्पो धूत होता. त्यानं पाण्याचा पाइप बंद केला नाही. “या म्याडम. जर्मनहून आल्या का सिध्या?”

ती पुढे गेली. तिचा काका, बादलचा बाप गुलाबसिंग, तांड्याचा नायक, अंगणात बाजेवर बसला होता. शेजारी जमिनीवर याडी उरलीसुरली कापसाची बोंडं फोडत होती. कोणी बस म्हणालं नाही. पाणी आलं नाही. रंजिता उभ्यानंच म्हणाली, “त्या दिवशी इथं काय झालं?”

“काय व्हाचं,” गुलाबसिंग म्हणाला. “आला, बसला, चहा पेला, गेला.”

“परात पालथी करून पाहिली त्यांनी?”

गुलाबसिंगनं याडीकडे पाहिलं. दोघं गोरबोलीत भरभर काही बोलली. तांड्याची ती भाषा रंजिताला अर्धीमुर्धी कळे. तिच्यासमोर वडील ती कधी बोलले नव्हते. मग काका मराठीवर आला. “तुले बाप गेल्याचं दुःख हाय का परातीचं?”

“मी विचारलं त्याचं उत्तर द्या, काका.”

“उत्तर पाह्यजे यायले,” मागून बादल म्हणाला. तो हात पुसत आला होता. “आमाले कोणं देल्लं उत्तर? माह्या सोयरिकीत पोरीचा बाप चारचौघांत म्हणे, जर्मन तांड्यावरचे का तुमी, मंग तुमच्यात हिटलर कोण? सारा मांडव हसला. मी नवरदेव, म्या बी हसलो. काय करतो?”

“बाबांनी चुकीचं काही सांगितलं नव्हतं. जर्मन म्हणजे काय ते तुम्हालाही माहीत आहे.”

“आमाले म्हाईत हाय. पुण्याले कोण सांगन? दर्यावरचं विमान म्हणे. इथं काय पैनगंगेत पोहाले आलतं? दर तेरवीले मले फोन करे बुढा. बादल, परात पालथी घातली का एक फोटो काढ, बादल, एकच फोटो. फोन माह्या खिशात राहे. नाही काढला म्या. मुद्दाम नाही काढला.”

“खुलासा पाठवला होता त्यांनी. पेपरनं छापला नाही.”

“त्यानं पाठवला,” याडी बोंडावरून नजर न उचलता म्हणाली. “तू?”

रंजितानं पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

“पुस्तकाच्या ढिगावर बसते म्हणतात तू. एक ओळ लिहाले काय झालतं? तुह्या नावाची एक ओळ. आमाले वाचता येत नाही, तरी कोणाकडून वाचून घेतली असती.”

“मी इथं भांडायला आलेली नाही.”

“मी तं भांडाले बसली हाय.” याडीनं बोंड बाजूला ठेवलं. “नाही पाह्यली त्यानं परात. म्या पाहू देली नाही. झालं?”

“तुम्ही तर हो म्हणाला होतात.”

“हो म्हणलं, पण पोट्टीले घेऊन ये म्हणलं. पोट्टी येऊन बसन, तांड्यादेखत बोलन, मंग घाल पालथी. त्यानं नाही सांगतलं तुले?”

येतेस का उद्या, एवढंच ते म्हणाले होते. रंजिताच्या हातांना उगाचच तुरीच्या शेंगांचा चिकटपणा जाणवला.

“मी कशाला हवी होते?”

“कायले म्हणजे? तांड्यानं ते नाव सोसलं. माह्या पुतण्यानं मांडवात सोसलं. तुह्या बापानं हसून सोसलं. तूच एक सुटली. मांगच्या उन्हाळ्यात स्टँडवर पोट्टे त्याले जर्मन गुरुजी, जर्मन गुरुजी करून राह्यले होते. अन् तू चार पावलं मांगं सरकली. जशी काही कोणी परकी बाई. म्या बसमधून पाह्यलं.”

रंजिताला तो दिवस आठवला. ती सरकली होती. वडिलांनी मागे वळूनही पाहिलं नव्हतं. तिची बॅग हातात घेऊन ते पुढे चालत राहिले होते.

“एकटाच आला,” याडी म्हणाली. “काहून एकटा, म्हणलं. म्हणे, तिले सुट्टी नाही. खोटं बोलाले बी येत नव्हतं त्याले. परातीच्या काठावरून हात फिरवला अन् उठला.”

“एकदा बघू दिलं असतं तर काय बिघडलं असतं तुमचं?”

“तू एकदा आली असती तं काय बिघडलं असतं तुह्यं?”

टेम्पोजवळ पाइप तसाच वाहत होता. शेवटी रंजिता म्हणाली, “तेरवी मला इथं करायची आहे. त्याच परातीत.”

“नाही,” गुलाबसिंग म्हणाला. “जिता होता तवा तो आमच्यात नव्हता. आता कायले?”

“भाऊ होता तो तुहा,” याडी त्याला म्हणाली. “मेल्या माणसाशी कायचं भांडण? भांडण हिच्याशी हाय.” मग रंजिताकडे वळून म्हणाली, “होईन तेरवी. पण रीत म्हाईत हाय ना? भात ओतल्यावर मी इच्यारतो, कोणाचं जेवण हाय. रक्ताच्या माणसानं नाव घ्याचं. नाव घेतल्याबिगर कोणी घास उचलत नाही. तवा मान खाली नाही घालाची.”

“नाही घालणार.”

“पाहू,” याडी म्हणाली आणि पुन्हा बोंडं फोडू लागली. पाणी शेवटपर्यंत आलं नाही.

तेरवीच्या सकाळी परात अंगणात उन्हात पालथी घातलेली होती. वर्षात ती पालथी दिसे ती फक्त तेरवीच्याच दिवशी. दुरून येणाऱ्याला त्यावरून कळे की हे जेवण लग्नाचं नव्हे. वडिलांनी ती लहानपणी कितीदा तरी अशी पाहिली असणार, पण तेव्हा काय बघायचं हे माहीत नव्हतं. आणि माहीत झालं तेव्हा तांड्यानं बोलावणं बंद केलं होतं.

रंजिता गुडघ्यांवर बसली. परात तिच्या दोन्ही हातांच्या कवेत मावेना. काठ ओबडधोबड ठोकलेला, पण मधून रिवेटांची एक रांग गेलेली होती, शिवणीसारखी सरळ. ती काही तांड्याच्या हातोड्याची नव्हती. एका बाजूला बोटाला काहीतरी लागलं. तिनं कागद पसरला, कोळशाची पूड घासली. वाऱ्यानं कागद उडू लागला तेव्हा समोरून कोणीतरी त्याचा कोपरा दाबून धरला. बादल होता.

कागदावर रिवेटांचे ठिपके आले. त्यांच्या बाजूला एक उभी रेघ, वर किंचित वळलेली. तिच्या आधी काही होतं आणि नंतरही काही होतं, पण राखेनं घासून घासून साऱ्या लग्नांनी आणि तेरव्यांनी ते पुसून टाकलं होतं.

“निघालं का काही जर्मनच्या पोटातून?” बादलनं विचारलं.

“सात असेल. नाहीतर एक.”

“मंग?”

“मंग काही नाही.”

“एवढ्यासाठी मेला म्हणा बुढा.”

“हो,” रंजिता म्हणाली. “एवढ्यासाठीच.”

त्यानं कोपरा सोडला आणि तो निघून गेला. तिनं कागद गुंडाळला. वडील असते तर या एका रेघेवर त्यांनी दोन वर्षं काढली असती. सात की एक, यावर रोज फोन केला असता. आणि तिनं मोबाइल टेबलावर पालथा ठेवून दिला असता.

दुपारपर्यंत माणसं जमली. तांडा एका बाजूला बसला. दुसऱ्या बाजूला पांढरकवड्याहून आलेले शाळेतले जुने शिक्षक, बाजारातले दोन-तीन ओळखीचे, ती भाजीवालीसुद्धा. शिक्षकांतला एक जण परातीकडे बोट दाखवून शेजाऱ्याच्या कानात कुजबुजला आणि दोघांनी ओठ दाबले. रंजितानं ते पाहिलं. बादलनंही पाहिलं.

परात सरळ करून धुतली गेली. वाफाळता भात तिच्यात ओतला, त्याचा डोंगर झाला. याडी काठी टेकत पुढे आली आणि परातीच्या पलीकडे, रंजिताच्या बरोबर समोर, उभी राहिली.

“कोणाचं जेवण हाय?”

“रूपसिंग राठोड यांचं,” रंजिता म्हणाली. आवाज स्पष्ट होता.

याडी जागची हलली नाही. गुलाबसिंगनं पत्रावळीकडे नेलेला हात मागे घेतला. सगळा तांडा तसाच बसून राहिला.

“या नावाचा माणूस तांड्याले म्हाईत नाही,” याडी म्हणाली. “मी इच्यारतो, कोणाचं जेवण हाय?”

शिक्षकांकडून कोणीतरी खोकलं. भातावरची वाफ दोघींच्या मधून वर जात होती. मान खाली घालायची नाही, एवढंच रंजिताला आठवलं. तिनं याडीच्या डोळ्यांत बघितलं, मग त्या कुजबुजणाऱ्या दोघांकडे, मग पुन्हा याडीकडे.

“जर्मन गुरुजीचं,” ती म्हणाली. “माह्या बापाचं.”